दाबाची बाटली

एकदा इंजिन गेलं की लोक हळहळतात. दुसऱ्यांदा गेलं की चूक कुणाची ते शोधतात. तिचं दुसऱ्यांदा गेलं तेव्हा शोधायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. ट्रॅकच्या शेडमध्ये इंजिन टेबलावर उलटं केलेलं होतं. भोवती दहा-बारा माणसं जमली होती. ते इंजिन बांधणाऱ्या उस्तादांनी आतल्या बेअरिंगची अर्धगोल पट्टी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. राखाडी आणि गुळगुळीत असायला हवी ती पट्टी तांबूस पडली होती, नखांनी ओरबाडल्यासारखी.

“पाय जड आहे बाईंचा,” उस्ताद म्हणाले. “इंजिनाला दम खाऊच देत नाहीत.”

कुणीतरी हसलं. हातमोजे खिशात कोंबून ती त्या पट्टीकडे बघत राहिली.

उस्तादांचा शब्द म्हणजे त्या ट्रॅकवर शेवटचा शब्द. शर्यतीत उतरणाऱ्या निम्म्या गाड्यांची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली आणि शर्यतीआधी गाड्या तपासून सहीही तेच करायचे. त्यांनी एकदा पाय जड म्हटला की तो जडच. क्लबाने ठरवलं की पुढच्या शर्यतीत तिने सगळ्यांच्या मागच्या ओळीतून सुटायचं, आणि पुन्हा इंजिन गेलं तर वर्षभर घरी बसायचं.

ती कोण, तर पोकलेन आणि प्रेस मशीनचे होज पाइप बनवणारी. सकाळी नऊ ते सहा दुकानात उभी राहून रबराचे जाड पाइप कापायचे, टोकांना नट बसवायचे, मशीनमध्ये घालून ते चिंबवायचे, म्हणजे नट पाइपावर दाबून पक्के करायचे, आणि दाब देऊन तपासायचे. पंधरा वर्षं हेच. म्हणून ट्रॅकवर तिला ‘पायपवाली’ म्हणत. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ते चिडवणं होतं. तिने ते गाडीच्या दारावर रंगवून घेतलं, मग चिडवण्यात काही राम उरला नाही.

तिच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती. दोन्ही वेळा इंजिन गेलं ते एकाच जागी. ट्रॅकच्या टोकाला घोड्याच्या नालेसारखं एक लांबच लांब डावं वळण होतं, त्याला सगळे नालच म्हणत. गाडी नालेत शिरली की तीन-चार सेकंद एका अंगावर रेललेली राहायची. आणि नेमकं तेव्हाच ऑइलच्या दाबाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकायचा. बाकी साऱ्या ट्रॅकवर तो दिवा मेलेला. पाय जड असता तर सरळ रस्त्यावरही जड असायला हवा होता.

नवीन इंजिन न्यायला ती उस्तादांच्या गॅरेजात गेली तेव्हा तिने हे सांगितलं. उस्ताद चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही.

“बाई, नाचता येईना अंगण वाकडं.”

“अंगण खरंच वाकडं असलं तर, उस्ताद?” ती म्हणाली. “नाल वाकडीच आहे.”

आता त्यांनी कप खाली ठेवला. लाल लाखेची कांडी तापवली, ऑइल फिल्टरच्या सांध्यावर आणि खालच्या ऑइल चेंबरच्या बोल्टवर एकेक ठिपका सोडला आणि तिला बजावलं, की या लाखेला हात लावला तर हमी संपली, मग इंजिन जगो की मरो, माझ्या दारात यायचं नाही. तिने मान डोलावली. घरी येईपर्यंत ती मान का डोलावली म्हणून स्वतःवरच चरफडत होती.

घरात तिचं ऐकून घेणारं एकच माणूस होतं, तिचे सासरे. ते तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यापासून घरातला कुठलाही नळ नीट असला की त्यांना बेचैनी व्हायची. नवरा चष्म्यांच्या काचा घासायचा. शांत माणूस, भांडण म्हटलं की दुसऱ्या खोलीत जाणारा. त्याने एवढंच म्हटलं, की दोनदा झालं, आता सोडलंस तर कुणी नावं ठेवणार नाही. ती म्हणाली, नावं ठेवून झालीत, म्हणूनच सोडत नाही.

रविवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातली काचेची मोठी बरणी घेतली, ती अर्धी ऑइलने भरली, झाकण घट्ट लावलं आणि सासऱ्यांना आपल्या रोजच्या गाडीत शेजारी बसवलं. त्यांनी बरणी मांडीवर दोन्ही हातांनी धरायची आणि तिच्यावरून नजर काढायची नाही, एवढंच काम. वस्तीबाहेर एक मोठा गोल चौक होता, सुट्टीच्या दिवशी रिकामा. तिने त्याच्या भोवती वेगात फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत सासरे गप्प होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या फेरीला म्हणाले, “सूनबाई, तळ उघडा पडतोय.”

तिने गाडी कडेला घेतली आणि त्यांना काय काय दिसलं ते पुन्हा एकदा विचारलं. गाडी वळली की ऑइल बरणीच्या बाहेरच्या भिंतीवर चढतं आणि आतल्या बाजूचा तळ कोरडा पडतो, चांगला तीन बोटं. इंजिनाच्या चेंबरमध्येही हेच होत असणार. पंपाचं ऑइल ओढणारं तोंड चेंबरच्या तळाशी एका जागी बसवलेलं. ऑइल दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसलं की पंप हवा पितो. बेअरिंग दोन-तीन सेकंद कोरडं फिरतं, आणि तेवढ्यात त्याची लक्तरं होतात.

“हे तर आमच्याकडेही व्हायचं,” सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा अजून हिरवट दिसत होता. “विहिरीची पातळी खाली गेली की पंप हवा खायचा. गावाला मात्र पाणी तुटायचं नाही. कारण टाकी भरलेली असायची.”

टाकी हा शब्द ऐकला आणि तिला दुकानातली प्रेस मशीन आठवली. त्या मशीनला पंपाच्या जोडीला एक पोलादी बाटली असते, अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात तिला. आत एक दट्ट्या, दट्ट्याच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला तेल. पंप जोरात असताना तेल आत शिरून हवेला दाबून ठेवतं. पंप जरा दमला की हवा पसरते आणि दट्ट्या ढकलून तेल परत देते. अशा बाटल्यांचे पाइप तिने शेकड्यांनी बनवले होते. तशीच एक दोन लिटरची बाटली इंजिनाला जोडली तर नालेतले ते तीन-चार सेकंद बाटली निभावून नेईल. गाडीच्या इंजिनांसाठी अशा बाटल्या मिळतातही, हे तिला ठाऊक होतं. तिच्या ट्रॅकवर कुणी लावली नव्हती एवढंच. कारण उस्तादांना त्या आवडत नव्हत्या. त्यांच्या मते ज्याला इंजिन बांधता येत नाही तो बाहेरून बाटल्या टांगतो.

बाटली आली. पण लाखेची धास्ती तिच्या मनातून गेली नव्हती, आणि तिथेच ती चुकली. फिल्टरला हात न लावता काम भागावं म्हणून तिने इंजिनावर बसवलेलं, लाल दिवा पेटवणारं दाबाचं बटण काढून त्या भोकातून पाइप जोडला. बटण पुन्हा एका फाट्यावर बसवलं, दाबाचा काटाही जोडून स्टिअरिंगसमोर लावला. दिसायला काम देखणं झालं. ट्रॅकवर सरावाच्या दिवशी तिने नालेत गाडी घातली तेव्हा काटा साडेचार किलोच्या दाबावरून धाडकन एकाच्या खाली गेला. तिने तिथेच पाय काढला आणि हळूहळू गाडी परत आणली.

घरी अंगणात बॉनेट उघडून सासरे बराच वेळ त्या जोडाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, त्याची रिफिल बाहेर ओढली आणि बटणाच्या भोकाजवळ धरली. दोन्ही साधारण सारखीच निघाली.

“हंडा भरलाय, पण तोटी केवढी?” ते म्हणाले. “आणि जे काही येतं, ते इंजिनातच जातं कशावरून? पंपाने दाब सोडला की निम्मं त्याच वाटेने मागे पळत असेल. आमच्याकडे पंपाच्या पुढे झडप असायची, पाणी पुढे जाईल पण मागे येणार नाही अशी. तुझी झडप कुठाय?”

तिची झडप कुठेच नव्हती. ती बसवायची तर पंप आणि बाटली यांच्या मध्ये बसवायला हवी, आणि तो रस्ता जातो फिल्टरमधून. आपलं काय चुकलं ते तिला मघाच ट्रॅकवर कळलं होतं. जे काम ती परक्याच्या मशीनवर कधी अर्धवट करत नसे, ते तिने स्वतःच्या गाडीवर अर्धवट केलं होतं, एका माणसाला राग येऊ नये म्हणून.

तिने हातोडी आणि छिन्नी आणली. नवरा तेवढ्यात दारात येऊन उभा राहिला.

“हमी जाईल,” तो म्हणाला.

“मागच्या दोन्ही इंजिनांना हमी होती. ती वाचली का?”

तो आत गेला आणि जुनी चादर घेऊन आला, ऑइल सांडेल म्हणून. ती चादर त्याने स्वतःच गाडीखाली पसरली. छिन्नीच्या एका टोल्यात लाख उडाली.

पुढचे तीन रविवार अंगणात तेच काम चाललं. फिल्टर काढून त्या जागी तिने लेथवर करून घेतलेली अॅल्युमिनियमची चकती बसवली. चकतीतून ऑइल एका जाड पाइपाने बाहेर यायचं, बाजूला टांगलेल्या फिल्टरमधून जायचं आणि मग मागे न फिरू देणाऱ्या झडपेतून. झडपेवर बाण कोरलेला होता. ती उलटी बसली तर इंजिनाला ऑइलच मिळणार नाही, म्हणून तिने फुंकर मारून खात्री केली आणि सासऱ्यांनाही मारायला लावली. झडपेच्या पुढे तीन तोंडांचा जोड, एक वाट इंजिनात परत, दुसरी बाटलीकडे. पाइप जेवढा आखूड तेवढं ऑइल लवकर पोचतं, म्हणून बाटली इंजिनाशेजारीच हवी होती. तिथे बॅटरी बसलेली. तिने बॅटरी उचलून डिकीत नेली आणि त्या जागी बाटली आडवी, दोन पोलादी पट्ट्यांनी आवळून बसवली. बाटलीच्या तोंडाशी हाताने उघडायची तोटी, आणि तोटीची तार ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी. पाइप तिने दुकानात स्वतः चिंबवले. इंजिनात जेवढा दाब येईल त्याच्या तिप्पट देऊन दहा-दहा मिनिटं तपासले. धुराच्या तापलेल्या नळकांड्याजवळून जाणाऱ्या पाइपावर उष्णता अडवणारी बाही चढवली, आणि जिथे पाइप पत्र्याला घासण्याची शक्यता होती तिथे रबराच्या कड्या घातल्या. सासऱ्यांचं काम टॉर्च धरायचं. ते तो धरायचे आणि मध्येच दुसरंच काही बघायला टॉर्च वळवायचे.

शेवटी बाटलीत अर्धा किलो दाबाने हवा भरली आणि इंजिनात जास्तीचं ऑइल ओतलं. इंजिन चालू केलं, काटा चढला, बाटली भरली. इंजिन चालू असतानाच तिने तोटी बंद केली आणि मग किल्ली फिरवून सगळं थांबवलं. सगळं गार होईपर्यंत ते तिघं पायरीवर बसून राहिले. मग किल्लीला हात न लावता तिने नुसती तोटी उघडली. इंजिन झोपलेलं होतं, आणि दाबाचा काटा सावकाश वर सरकत दोन किलोवर जाऊन थांबला.

सासरे उठून काट्याजवळ गेले आणि चष्मा वर करून बघून आले. “पंप बंद, तरी गावाला पाणी,” ते म्हणाले आणि आत जाऊन हात धुतले.

शर्यतीच्या सकाळी तपासणीच्या रांगेत तिची गाडी शेवटची होती. उस्तादांनी बॉनेट उचललं. आधी त्यांना उडालेली लाख दिसली, मग बाटली.

“हे चालणार नाही,” ते म्हणाले. “दाबाची बाटली आहे ही. फुटली तर? काढा, नाहीतर गाडी बाहेर ठेवा.”

रांगेतली माणसं मागे वळून बघायला लागली. तिने गाडीतून नियमांचं पुस्तक काढलं. त्यात तिने आधीच कागदाची खूण घालून ठेवली होती.

“कोणत्या कलमाने, उस्ताद?”

“कलम कशाला हवं? मी सांगतोय.”

“तुम्ही सांगताय ते मी ऐकलं. आता कलम सांगा.”

क्लबच्या सेक्रेटरीबाई टेबलावरून उठून आल्या. गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई, आवाज न चढवता माणसाला खाली बसवण्याची त्यांना सवय होती. त्यांनी पुस्तक घेतलं आणि खूण घातलेलं पान मोठ्याने वाचलं. दाबाखालचं भांडं धातूच्या किमान दोन पट्ट्यांनी बांधलेलं असावं, त्याच्या आणि चालकाच्या मध्ये पत्रा असावा, पाइप दाबाला तपासलेले असावेत. एकेक ओळ वाचून त्या गाडीत वाकून बघायच्या. पट्ट्या दोन होत्या. मध्ये पत्रा होता. पाइप तपासल्याचे दुकानाचे कागद तिने पुढे केले.

“कागद हिच्याच दुकानाचे,” उस्ताद म्हणाले.

“तुमच्या इंजिनाचे कागद कुणाच्या दुकानाचे असतात?” तिने विचारलं.

उस्तादांनी मोठी पहार मागवली, बाटलीखाली घातली आणि जोर लावला. गाडी स्प्रिंगांवर डुलली, बाटली जागची हलली नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूने जोर लावून पाहिला. मग पहार खाली टाकली आणि सही केली. सही करताना म्हणाले, की आता हे इंजिन माझं नाही, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा. ती म्हणाली, बरोबर आहे, आता ते माझं आहे.

नऊ गाड्यांत ती नववी सुटली. पहिल्या फेरीत नालेजवळ आली तेव्हा तिचा पाय आपोआप हलका झाला. दोन इंजिनं गमावलेल्या माणसाचा पाय, त्याला समजावून काय उपयोग. पुढच्या दोन गाड्या लांब गेल्या. ती स्वतःवरच खेकसली आणि दुसऱ्या फेरीत तिने पाय उचललाच नाही. गाडी डावीकडे वळली, सगळं अंग उजवीकडे ओढलं गेलं, मान दुखायला लागली. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून काट्याकडे पाहिलं. काटा साडेचारवरून निघाला. चार, साडेतीन, तीन. तिथे थबकला. एक सेकंद, दोन, तीन. तीनवरच राहिला. वळण सुटलं तसा पुन्हा वर चढला. लाल दिवा काही पेटला नाही.

त्यानंतर मात्र तिने जे केलं ते बघून कठड्यापाशी उभे असलेले लोक बोलायचे थांबले. आजवर नालेत सगळेच जरा हात राखून जात, हे कुणी उघड कबूल करत नसे. ती हात न राखता गेली. चौथ्या फेरीत एक, पाचवीत दोन, आठवीत एक अशा गाड्या तिने त्याच वळणावर बाहेरच्या अंगाने मागे टाकल्या. दहाव्या फेरीला काटा अडीचवर उतरला. ऑइल तापून पातळ झालं होतं. तिने मनात हिशेब केला, अडीचावर बेअरिंग जगतं, आणि पाय तसाच ठेवला. बाराव्या फेरीअखेर ती पाचवी आली. पाचव्याला कप मिळत नाही.

गाडी शेडमध्ये आली तेव्हा उस्ताद आधीच तिथे होते. त्यांनी तिला न विचारता सांगितलं, की बेअरिंग उघडून बघायला हवं, आतून गेलंच असणार. नवरा पुढे झाला. भांडणापासून लांब पळणारा हा माणूस गाडी आणि उस्ताद यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की तुमचा या इंजिनाशी संबंध संपला, हे सकाळी तुम्हीच सगळ्यांना ऐकवलंत. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं.

“त्यांना बघू द्या. पण उघडणार मी, आणि सगळे असताना.”

इंजिन गार व्हायला दीड तास गेला. कुणी घरी गेलं नाही. तिने गाडीखाली झोपून चेंबर उतरवलं, पिस्टनच्या ज्या रॉडची बेअरिंगं दोन्ही वेळा गेली होती तोच रॉड सोडवला आणि पट्टी पुसून सेक्रेटरीबाईंच्या हातात दिली. पट्टी राखाडी होती. बाईंनी ती उजेडाकडे धरली, मग पुढच्याला दिली. हातोहात फिरत ती उस्तादांपर्यंत पोचली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. दोनदा फिरवला.

“एका शर्यतीने काही ठरत नाही,” ते म्हणाले.

“नाही ठरत,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात दुसरी आहे. तेव्हाही उघडेन. वर्षभर दर वेळी उघडेन. तुम्ही फक्त येत जा.”

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. ती चुकली नव्हती, असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणायला लावावं असं तिच्या मनात येऊन गेलं, मग तो विचार तिने सोडला. चेंबर पुन्हा बसवायचं होतं, आणि सासरे टॉर्च घेऊन भलतीकडेच बघत होते.

दहा दिवसांनी उस्तादांच्या गॅरेजातून दुकानात फोन आला. बोलणारा तिथला मेकॅनिक होता. चार गाड्यांना दाबाच्या बाटल्या बसवायच्यात, त्यांचे पाइप हवेत, मापं लिहून घ्या, माणूस येऊन घेऊन जाईल. ती म्हणाली, ऐकीव मापांवर मी पाइप कापत नाही, गाडी घेऊन या, आणि ज्याची गाडी आहे त्याने यावं. फोन ठेवल्यावर दुकानाचे मालक म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. ती म्हणाली, वैर नाही, माप घ्यायचंय.

बुधवारी दुपारी उस्ताद स्वतः आले. त्यांची स्वतःची गाडी होती, ज्यात ते कुणाला बसू देत नसत. बॉनेट उघडून ते बाजूला उभे राहिले. तिने पाइपाचा तुकडा वाकवून वाट आखली, दोऱ्याने माप घेतलं, खडूने खुणा केल्या. मग त्यांनी बाटलीत हवा किती भरायची ते विचारलं. तिने सांगितलं, अर्धा किलो.

“मी थोडी कमी ठेवीन,” उस्ताद म्हणाले.

“ठेवा. गाडी तुमची आहे,” ती म्हणाली आणि पाइप कापायला मशीनकडे वळली. “पण नालेत काटा पडला, तर माझ्या पाइपाला बोल लावायचा नाही.”

उस्तादांनी खिशातून डायरी काढली आणि अर्धा किलो लिहून घेतलं.